ना कॉलेज, ना डिग्री : बार्शीच्या शाळामास्तरांनी घरी बसून गुप्त राजांच्या काळाचं गणित सोडवलं होतं

बार्शी म्हटलं की सोलापूर जिल्ह्याबाहेरच्या माणसाला दोन-तीन गोष्टी आठवतात. भगवंताचं मंदिर, धान्याची मोठी बाजारपेठ आणि जुन्या लोकांना कुर्डुवाडीहून निघणारी ती छोटी बार्शी लाईट रेल्वे. बार्शीचा आणि गणिताचा काही संबंध असेल, असं कुणाच्या डोक्यात येत नाही.

पण १८८० च्या दशकात, ती रेल्वे सुरू व्हायच्याही आधी, बार्शीच्या इंग्रजी शाळेत एक असिस्टंट मास्तर होते. शिक्षण मॅट्रिक. बी.ए.च्या वर्गात ते कधी बसले नव्हते, गणिताची पदवी तर लांबच राहिली. दिवसा शाळा आणि उरलेल्या वेळात घरी आकडेमोड, असा त्यांचा दिनक्रम. त्या आकडेमोडीतून जे निघालं त्याचा आधार गुप्त राजांचा काळ ठरवताना घेतला गेला, आणि भारतीय खगोलशास्त्राच्या इतिहासावर आजही काम करणाऱ्याला त्यांचं पुस्तक उघडावंच लागतं.

त्यांचं नाव शंकर बाळकृष्ण दीक्षित.

मोठेपणी, नोकरी सांभाळून, घरच्या घरी गणित शिकता येतं का, हा प्रश्न आजही अनेकांना पडतो. कुणाला राहिलेली पदवी पूर्ण करायची असते, कुणाला स्पर्धा परीक्षा द्यायची असते, आणि बीजगणिताचं पुस्तक उघडलं की दहावीतली भीती परत येते. दीक्षितांना परीक्षा द्यायची नव्हती. पण त्यांनी ज्या गणिताला हात घातला ते कुठल्याही कॉलेजच्या पेपरपेक्षा सोपं नव्हतं.

मुरुडचा मुलगा, पुण्याचं ट्रेनिंग

दीक्षितांचा जन्म जुलै १८५३ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुरुडचा. हे मुरुड दापोलीजवळचं, जंजिऱ्याचं नव्हे. याच गावात वाढलेला, त्यांच्यापेक्षा पाच वर्षांनी लहान असलेला आणखी एक मुलगा पुढे फर्ग्युसन कॉलेजात गणिताचा प्राध्यापक झाला. ते म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे. एका छोट्या गावातून पाच वर्षांच्या अंतरानं दोन गणिती निघाले. एकाला कॉलेज मिळालं, दुसऱ्याला नाही.

गावात मराठी शिक्षण आणि थोडं संस्कृत झालं. १८७० साली दीक्षित पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात दाखल झाले. नावात कॉलेज असलं तरी इथे पदवी मिळत नसे, मराठी शाळांसाठी मास्तर तयार होत. मास्तरकीचं शिक्षण घेता घेता त्यांनी इंग्रजीही पक्कं केलं आणि १८७४ मध्ये मॅट्रिक झाले. त्या काळात मॅट्रिकनंतर डेक्कन किंवा एल्फिन्स्टनला जाणं ही पुढची पायरी असायची. दीक्षित त्या पायरीवर चढलेच नाहीत. ते थेट नोकरीला लागले, रेवदंड्याच्या मराठी शाळेत मुख्याध्यापक म्हणून.

आता रेवदंडा कुठे आहे ते बघा. अलिबागहून रेवदंड्याकडे जाताना वाटेत नागाव लागतं. हे केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे केरूनानांचं गाव. रेवदंड्याहून किनाऱ्यानं दक्षिणेला गेलं की नांदगाव. हे गणेश दैवज्ञाचं गाव. ही दोन नावं या गोष्टीत महत्त्वाची आहेत, कारण त्या काळात महाराष्ट्रात घरी बसून ग्रहगणित शिकायचं तर दोनच वाटा होत्या, आणि त्या वाटा या दोघांनी घालून दिल्या होत्या.

गणेश दैवज्ञानं १५२० च्या सुमारास ‘ग्रहलाघव’ लिहिलं. त्यातली गंमत अशी की ग्रहांची स्थानं काढायला त्यानं ज्या-कोज्या, म्हणजे आपल्या भाषेत साइन-कोसाइन, यांची कोष्टकं लागू दिली नाहीत. नुसत्या बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकारावर पंचांग तयार व्हावं, अशी रीत त्यानं बसवली. त्यामुळे गावोगावचे जोशी पाटीवर पंचांग करू शकले. पण रीत पाठ असली तरी ती तशीच का चालते, हे बहुतेकांना माहीत नसे. शिवाय साडेतीनशे वर्षांत पंचांगातले आकडे आणि प्रत्यक्ष आकाश यांच्यात फरक पडत गेला होता.

केरूनानांचा मार्ग उलटा होता. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत लहानपणापासून काम करून ते युरोपीय खगोलशास्त्र शिकले. त्यांच्याकडेही पदवी नव्हती, तरी त्यांनी कॉलेजात गणित शिकवलं. १८६० साली त्यांनी ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हे मराठी पुस्तक काढलं. युरोपात तयार झालेल्या नव्या आकड्यांवरून ग्रहांची स्थानं मराठी माणसाला काढता यावीत, यासाठी ते होतं. त्यावरूनच पुढे पटवर्धनी पंचांग निघालं.

मराठी आणि संस्कृत दोन्ही येणाऱ्या, थोडं इंग्रजी वाचू शकणाऱ्या मास्तरासमोर या दोन्ही वाटा खुल्या होत्या. दीक्षितांनी दोन्ही धरल्या. त्यांच्या पुढच्या सगळ्या कामाचं बीज यातच आहे. जुनी रीत त्यांनी पाठ करून सोडून दिली नाही, आणि नवी हाती आली म्हणून जुनीला हसलेही नाहीत. एकीचं उत्तर दुसरीवर तपासायचं, ही त्यांची सवय.

१८८० मध्ये त्यांची बदली ठाण्याला झाली. तिथे त्यांना जनार्दन बाळाजी मोडक यांच्यासारखा जाणकार सोबती मिळाला. ‘काव्येतिहाससंग्रह’ या मासिकाच्या संपादकांपैकी एक ते हेच मोडक. त्यांच्याबरोबर ग्वाल्हेरचे विसाजी रघुनाथ लेले होते. या तिघांचं म्हणणं एकच होतं की पंचांग आकाशाशी जुळलं पाहिजे. त्यातून त्यांनी सायन पंचांग काढलं. एकट्यानं अभ्यास करणाऱ्याला असा एखादा माणूस लागतोच, ज्याला उत्तर दाखवून हे बरोबर आहे का, असं विचारता येतं. दीक्षितांना क्लास नव्हता, पण असे दोन-चार लोक मात्र होते.

आणि १८८२ मध्ये बदली झाली बार्शीला.

बार्शीची सात वर्षं

१८८२ ते १८८९. वय एकोणतीस ते छत्तीस. घर, नोकरी आणि शाळेचा पगार. मुंबई-मद्रास मुख्य रेल्वेमार्गावरचं स्टेशन म्हणजे बार्शी रोड, आजची कुर्डुवाडी, तिथून गाव साधारण ३५ किलोमीटर. बार्शीपर्यंतची छोटी गाडी सुरू झाली १८९७ मध्ये, तोवर दीक्षितांनी बार्शी सोडून आठ वर्षं झाली होती. त्यामुळे पुण्याहून पोथी असो की मुंबईहून नियतकालिक, शेवटचा टप्पा रस्त्यानंच यायचा.

इथे राहून त्यांनी दोन कामं केली. पहिलं स्वतःचं. दक्षिणा प्राइझ कमिटीनं पंचांगाच्या इतिहासावर ग्रंथ लिहिणाऱ्याला बक्षीस जाहीर केलं होतं. दीक्षितांनी तो ग्रंथ लिहायला घेतला आणि बक्षीस मिळवलं. त्याविषयी पुढे येईलच.

दुसरं काम इंग्रज अधिकाऱ्यासाठी होतं. जॉन फेथफुल फ्लीट हे मुंबई इलाख्यातले आयसीएस अधिकारी आणि शिलालेखांचे मोठे अभ्यासक. गुप्त राजांचे सगळे लेख एकत्र छापायचं काम त्यांच्याकडे होतं, आणि ते एका प्रश्नावर अडलं होतं.

गुप्तांच्या लेखांवर वर्षं कोरलेली आहेत. ८२, ९३, १६५ अशी. पण ही वर्षं मोजायची कुठून? आपण शक म्हटलं की इसवी सन ७८ धरतो, विक्रम संवत म्हटलं की इसवी सनापूर्वी ५७. गुप्त संवताची सुरुवात मात्र कुणालाच पक्की माहीत नव्हती. अल बिरूनीच्या लिखाणावरून ती इसवी सन ३१९ च्या आसपास यायची. अलेक्झांडर कनिंगहॅम यांच्यासारखा मोठा पुरातत्त्वज्ञ म्हणत होता १६६. आणखी एकाचं म्हणणं १९०, कुणाचं तर थेट शकाच्याच वेळचं, म्हणजे ७७-७८.

दीडशे-दोनशे वर्षांचा हा घोळ दिसतो तेवढा किरकोळ नव्हता. समुद्रगुप्त, दुसरा चंद्रगुप्त, कुमारगुप्त हे सगळे त्यावर लटकलेले. कालिदासाच्या काळाचा वाद त्यावर लटकलेला. दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी प्रभावतीगुप्ता विदर्भातल्या वाकाटकांकडे दिलेली, त्यामुळे आपल्या वाकाटकांचा आणि पर्यायानं अजिंठ्याच्या नंतरच्या लेण्यांचा काळही याच खुंटीला. खुंटी दीडशे वर्षं इकडे सरकली की सगळं इकडे.

आता मध्य प्रदेशात, सागर जिल्ह्यातल्या एरणला एक दगडी स्तंभ आहे. बुधगुप्ताच्या काळातला. त्यावरच्या लेखात नुसतं वर्ष नाही, पूर्ण तारीख आहे. गुप्त वर्ष १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, वार गुरुवार. भारतात वाराचा उल्लेख असलेल्या अगदी जुन्या लेखांपैकी हा एक. इथे गणिताला पकडायला धागा मिळतो. तिथी आणि वार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिथी चंद्र-सूर्यावर चालते, वार सात-सातनं पुढे जातो, दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. त्यामुळे अमुक वर्षी आषाढ शुद्ध द्वादशी गुरुवारीच आली होती का, हे तपासता येतं.

फक्त त्यासाठी जवळपास चौदाशे वर्षं मागं जाऊन आकाशात चंद्र कुठे होता ते काढावं लागतं.

मुळात गणित काय होतं?

इथे थोडं थांबूया, कारण भीती वाटते ती याच ठिकाणी.

सूर्य आणि चंद्र यांच्यातलं अंतर १२ अंशांनी वाढलं की एक तिथी होते. ३० तिथ्या, ३६० अंश, एक चांद्रमास. हा महिना सरासरी २९.५३ दिवसांचा. असे बारा महिने म्हणजे सुमारे ३५४ दिवस, आणि सौर वर्ष ३६५ दिवसांचं. दर वर्षी अकरा दिवसांची तूट. ती भरून काढायला अधिक महिना येतो, जावयाला वाण द्यायचा तो.

किती वर्षांनी येतो? सूर्यसिद्धान्तात एक प्रचंड मोठा काळ घेतला आहे, ४३,२०,००० वर्षांचा. त्यात १५,९३,३३६ अधिक महिने येतात, असं दिलं आहे. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर पहिल्या आकड्याला दुसऱ्यानं भागा. २.७११ येतं. म्हणजे दोन वर्षं आणि साधारण साडेआठ महिने. भिंतीवरचं कॅलेंडर काढून शेवटचे दोन अधिक महिने बघा, सरासरी तिथेच आसपास सापडेल.

हे त्रैराशिक आहे. इतक्या वर्षांत इतके महिने, तर तितक्या वर्षांत किती? सातवीतलं गणित. जुने लोक इतके मोठे आकडे घेत, त्यामागचं एक व्यावहारिक कारण असं की त्यामुळे अपूर्णांक टळायचे. दशांश चिन्ह न वापरता दशांशाची अचूकता मिळवायची ही युक्ती आहे. या त्रैराशिकानं एका ठरलेल्या दिवसापासून आजपर्यंत किती दिवस झाले ते काढायचं. त्याला अहर्गण म्हणतात. अहर्गणाला सातानं भागलं की बाकीवरून वार.

अवघड भाग त्यानंतर सुरू होतो. चंद्र एकसारख्या वेगानं चालत नाही. कधी तिथी २० तासांत संपते, कधी २६ तास पुरत नाहीत. सूर्योदयाला जी तिथी असेल ती त्या दिवसाची, असा नियम. त्यामुळे सरासरीनं द्वादशी निघाली तरी प्रत्यक्षात त्या सकाळी एकादशी चालू असू शकते, आणि मग गुरुवारचा बुधवार किंवा शुक्रवार होतो. म्हणून सरासरी उत्तरात दुरुस्ती घालावी लागते, मग दुरुस्तीत दुरुस्ती. दीक्षितांची खरी मेहनत इथे होती, आणि तीही वेगवेगळ्या सिद्धान्तांचे वेगवेगळे आकडे घेऊन.

त्यांचं उत्तर आलं ते असं. गुप्त संवताची सुरुवात ३१९-२० च्या सुमाराला धरली, तर एरणच्या स्तंभावरची तारीख येते २१ जून ४८४. वार गुरुवार.

हे उत्तर आज घरी बसून ताडून बघता येतं. दीक्षितांची रीत यापेक्षा बरीच बारीक होती, पण ढोबळ तपासणीला एवढं पुरतं. १५ ऑगस्ट १९४७ ला शुक्रवार होता, हे सगळ्यांना माहीत आहे. २१ जून ४८४ (जुनं ज्युलियन कॅलेंडर धरून) ते १५ ऑगस्ट १९४७ यांच्यात ५,३४,४०२ दिवस आहेत. सातानं भागा. ७६,३४३ आठवडे आणि बाकी १. शुक्रवारच्या एक दिवस मागं गेलं की गुरुवार. वार जुळला.

आता तिथी. १६ ऑगस्ट १९४७ ला अमावास्या होती. तिथपर्यंत दिवस होतात ५,३४,४०३. एका चांद्रमासाचे २९.५३०५८८ दिवस. भागाकार केला की १८,०९६ पूर्ण महिने आणि वर साडेसतरा दिवस उरतात. म्हणजे ४८४ सालचा तो दिवस पुढच्या अमावास्येच्या साडेसतरा दिवस अलीकडचा. साडेएकोणतीसातून साडेसतरा गेले, राहिले बारा. मागची अमावास्या होऊन बारा दिवस झालेले. शुद्ध द्वादशी.

चौदाशे वर्षांचं अंतर आणि चार ओळींचं गणित. बार्शीत मात्र कॅल्क्युलेटर नव्हता.

एक शंका इथे कुणालाही येईल. वार सातच असतात, मग सातांत एकदा योगायोगानंही जुळणारच की. बरोबर आहे. एका तारखेवरून काही सिद्ध होत नाही. म्हणून फ्लीट यांनी इतर पुरावेही लावले. मंदसोरच्या शिलालेखात मालव संवताच्या ४९३ व्या वर्षाबरोबर कुमारगुप्ताचं नाव येतं, त्यानंही काळ इकडेच दाखवला. दीक्षितांनी दुसरा एक दोरही पकडला. गुप्तांच्या काही मांडलिक राजांच्या ताम्रपटांवर गुरू ग्रहावरून पडलेली संवत्सरांची नावं आहेत, महावैशाख, महाआश्वयुज अशी. ही नावं नेमकी कुठल्या पद्धतीनं ठरवायची, हे विस्मरणात गेलं होतं. गुरू सूर्याच्या तेजात लपून पुन्हा उगवतो तेव्हा तो कुठल्या नक्षत्रात असतो, त्यावरून ही नावं दिली जात, असं दीक्षितांनी दाखवलं. त्या पद्धतीनं गणित केलं की ताम्रपटांवरची नावंही गुप्त संवताच्या त्याच सुरुवातीशी बसली.

१८८८ साली फ्लीट यांचा गुप्त लेखांचा खंड छापून आला. तिथीवरून वार काढायची रीत आणि गुरूचं बारा वर्षांचं चक्र, ही दोन परिशिष्टं त्यात दीक्षितांच्या नावानं आहेत. लेखक तेव्हा बार्शीच्या शाळेत नोकरी करत होते.

मोठ्या ग्रंथाची गोष्ट

१८८९ मध्ये दीक्षित धुळ्याच्या ट्रेनिंग स्कूलमध्ये गेले आणि १८९४ मध्ये पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात, जिथून त्यांची सुरुवात झाली होती. आता ते मास्तरांचे मास्तर होते. समोर बसलेले विद्यार्थी म्हणजे मोठी माणसं, पुढे गावोगाव जाऊन शिकवणारी.

१८९६ साली पुण्याच्या आर्यभूषण छापखान्यातून तो ग्रंथ बाहेर पडला : ‘भारतीय ज्योतिःशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास’. वेदकाळापासून थेट स्वतःच्या काळापर्यंत. कुठल्या ग्रंथात कुठले आकडे घेतले आहेत, ते कुठून आले, त्यांवरून ग्रह किती चुकतो, कुठला ज्योतिषी कधी आणि कुठे झाला, असं सगळं. नुसती स्तुती करून पुढे जाणं त्यात जवळपास नाही. प्रत्येक ठिकाणी गणित करून बघितलेलं आहे. मात्र ग्रंथ मराठीत होता, त्यामुळे अमराठी अभ्यासकांना तो पुरता मिळायला फार वेळ लागला. हिंदी भाषांतर १९५७ मध्ये आलं आणि इंग्रजी त्याच्याही नंतर, दोन भागांत.

याच सुमाराला त्यांनी आणखी एक प्रश्न हाती घेतला होता. शतपथ ब्राह्मणात कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, अशा अर्थाचा उल्लेख आहे. आज कृत्तिका बरोबर पूर्वेला उगवत नाहीत, उत्तरेकडे सरकून उगवतात. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा हळूहळू फिरतो, साधारण ७२ वर्षांत एक अंश, त्यामुळे हा फरक पडतो. मग कृत्तिका नेमक्या पूर्वेला कधी उगवत होत्या? दीक्षितांचं उत्तर होतं इसवी सनापूर्वी ३००० च्या आसपास. दोनच वर्षांपूर्वी लोकमान्य टिळकांचा ‘ओरायन’ आला होता, तोही आकाशावरूनच वेदांचा काळ काढणारा. अशा उल्लेखांचा अर्थ कसा लावायचा, यावर अभ्यासकांचे वाद अजून चालू आहेत आणि ते रास्तही आहेत. गणित बरोबर असलं तरी जुन्या ओळीत नेमकं काय म्हणायचं होतं, हे गणित सांगू शकत नाही.

पण सर्वसामान्य माणसाच्या हातात पडलेलं त्यांचं काम वेगळंच होतं. तेही १८९६ चंच. मद्रासकडचे अधिकारी रॉबर्ट सेवेल, ज्यांनी पुढे विजयनगरवर गाजलेलं पुस्तक लिहिलं, त्यांच्यासोबत दीक्षितांनी ‘द इंडियन कॅलेंडर’ हे इंग्रजी पुस्तक केलं. इसवी सन ३०० ते १९०० या काळातली कुठलीही हिंदू तारीख इंग्रजी तारखेत बदलायची कोष्टकं त्यात आहेत. शिलालेख वाचणाऱ्यांबरोबरच ते कोर्टांसाठी आणि सरकारी कचेऱ्यांसाठी होतं. जमिनीच्या जुन्या कागदावर शक आणि तिथी असायची, खटला इंग्रजी तारखेवर चालायचा. सनद आधीची की वहिवाट आधीची, यावर वतन राहणार की जाणार, हे ठरायचं.

हे पुस्तक शिकवणाऱ्यानं शिकणाऱ्यासाठी केलंय, हे त्याच्या रचनेवरून कळतं. एकाच प्रश्नाला त्यात तीन रीती आहेत. पहिली जवळपास नुसती कोष्टकात बघून उत्तर देणारी. एखाद-दुसऱ्या दिवसाचा फरक चालत असेल तर तिथेच थांबा. दुसरीत थोडी बेरीज-वजाबाकी आणि जास्त जवळचं उत्तर. तिसरी पूर्ण अचूक, जिथे तिथी किती वाजता संपली हेही निघतं. कचेरीतल्या कारकुनाला चंद्राच्या गतीचं गणित यायची गरज नाही, बेरीज यायला हवी. ज्याला पुढे जायचंय त्याच्यासाठी पुढचा दरवाजा उघडा. चारशे वर्षांपूर्वी गणेश दैवज्ञानंही हेच केलं होतं. फरक इतकाच की दीक्षितांनी रीत का चालते तेही सांगून ठेवलं.

मराठी वाचकासाठी त्यांनी आधीच, १८९२ मध्ये, ‘ज्योतिर्विलास’ लिहिलं होतं. त्याचं दुसरं नाव ‘रात्रीची दोन घटका मौज’. दोन घटका म्हणजे ४८ मिनिटं. दिवसभराचं काम उरकल्यावर अंगणात बसून आकाश बघणाऱ्या माणसासाठी. वेदांपासून पंचांगापर्यंत सगळं गणित करून बघणाऱ्या माणसानं आपल्या पुस्तकाला मौज म्हणावं, हे त्यांच्याबद्दल बरंच काही सांगून जातं.

मोठा ग्रंथ छापून झाला त्यानंतर दोनच वर्षांनी, १८९८ मध्ये, दीक्षित गेले. वय पंचेचाळिशीच्या आसपास. भूगोलावरचं त्यांचं ‘भारतवर्षीय भूवर्णन’ हे पुस्तक त्यांच्या मागे प्रसिद्ध झालं.

सायन पंचांगाचा त्यांचा आग्रह मात्र पुढे वेगळ्या वाटेनं आला. स्वतंत्र भारताच्या सरकारनं १९५२ मध्ये डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली कॅलेंडर सुधारणा समिती नेमली. समितीच्या अहवालात दीक्षितांच्या कामाचा आधार घेतलेला आहे. २२ मार्च १९५७ ला, म्हणजे १ चैत्र शके १८७९ ला, राष्ट्रीय दिनदर्शिका लागू झाली. तिचं वर्ष ऋतूंशी बांधलेलं आहे, सूर्य विषुववृत्तावर आला की दुसऱ्या दिवशी नवं वर्ष. राजपत्रावर ही तारीख छापली जाते आणि आकाशवाणीवर सांगितली जाते. घरातली पंचांगं मात्र जुन्याच मोजणीनं चालतात. सूर्य उत्तरेकडे वळतो २१-२२ डिसेंबरला, आणि सोलापुरात सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा भरते ती जानेवारीच्या मध्यावर, संक्रांतीला.